भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून

माझ्या अंगात एकच कला आहे. कुणी काही विचारलं की उत्तर खरं द्यायचं, पण विचारणाऱ्याच्या हाती काही लागू द्यायचं नाही. ही कला मी नागपुरात शिकलो, पुण्याच्या नोकरीत घासूनपुसून लख्ख केली आणि विमानात बसताना बरोबर आणली. विमानतळावर लोणच्याची बरणी काढून घेतली, पण हिला कुणी हात लावला नाही.

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात घर घेतलं त्या पहिल्याच आठवड्यात दोन गल्ल्या पलीकडच्या एक मराठी काकू पुरणपोळ्या घेऊन आल्या. "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. वडिलांनी शाळेत असतानाच गावाच्या नावापुढे 'कर' जोडून आडनाव करून घेतलं होतं, त्यामुळे पहिला बॉल मी नेहमीच आरामात खेळून काढतो. "म्हणजे मूळचे कुठले?" विदर्भातले. "ते झालं हो, पण नागपुरात कुठे?" मी म्हटलं, "सिव्हिल लाइन्सच्या जवळ." मनात आणलं तर अख्खं नागपूर सिव्हिल लाइन्सच्या जवळ आहे. "गणपती बसवता ना घरी?" "आम्ही सगळं जरा साधेपणानेच करतो." काकू गेल्या, पोळ्या राहिल्या. बायको आतून म्हणाली, "एवढ्या वेळात खरं सांगून चहा पण झाला असता जी."

तर खरं असं की आम्ही बौद्ध आहोत. हे वाक्य टाइप करतानाही मी एकदा मागे वळून बघितलं; घरात मी एकटाच आहे, तरी. आमच्यात एकमेकांना करायचा दोन शब्दांचा नमस्कार आहे. गावाकडून फोन आला की तो म्हणण्यासाठी मी ऑफिसातून उठून पार्किंगमध्ये जातो. मिशिगनमध्ये जानेवारीत पार्किंगमध्ये जायचं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. दोन शब्दांपायी कान गोठवून घेणारा माणूस म्हणजे मी.

आमच्या कॉलनीची एक असोसिएशन आहे. गवत किती इंच वाढू द्यायचं आणि मेलबॉक्सला कुठला रंग द्यायचा, असले राष्ट्रीय प्रश्न ती सोडवते. या वर्षी मात्र अध्यक्षांच्या डोक्यात वेगळंच आलं. हे मोटार कंपनीतून रिटायर झालेले गोरे गृहस्थ. माणूस अगदी सज्जन, पण वादाचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचे कान लाल होतात. त्यांनी ठरवलं की क्लबहाऊसच्या भिंतीवर 'आम्ही कुठून आलो' असं मांडायचं. प्रत्येक घराने आपल्या वाडवडिलांचा एक जुना फोटो द्यायचा, खाली छोटं कार्ड, कार्डावर नाव आणि 'आम्ही कोण' ही एक ओळ. कार्डं कोण करणार? मीटिंगमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. माझा हात आपोआप वर गेला. डेटाबेसमध्ये वीस वर्षं घातलेल्या माणसाला रकाने दिसले की राहवत नाही.

माझं स्वतःचं कार्ड सगळ्यात आधी तयार झालं. वडिलांचा डिग्री घेतानाचा फोटो आणि खाली 'महाराष्ट्र, भारत'. आम्ही कोण, या प्रश्नाला राज्याचं नाव लिहून मी मोकळा झालो आणि फॉन्ट निवडण्यात अर्धा तास घालवला.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. वय ब्याऐंशी, वॉकर घेऊन चालतात, मुलगा-सून नोकरीला, नात कॉलेजात. मी त्यांना आंटी म्हणतो. बर्फ पडला की मी त्यांच्या दारातला बर्फ काढतो आणि त्या मला खजूर भरलेली बिस्किटं देतात. यात फायदा कुणाचा हे माझं पोट बघून कळतं. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, पण त्या गणिताच्या बाई होत्या, त्यामुळे कुठल्याही भाषेत बोलल्या तरी मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

फोटो घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी तो आधीच रुमालात गुंडाळून ठेवला होता. हायफाचं पोस्ट ऑफिस, दारात टोपी घातलेला एक तरणा माणूस आणि त्याचं बोट धरलेली एक मुलगी. माणूस म्हणजे वडील, मुलगी म्हणजे आंटी.

"कार्डावर काय लिहू?" मी लॅपटॉप उघडून विचारलं. देशांची यादी मी कुठून तरी आयती उतरवून घेतली होती. 'पी' अक्षरावर गेलो. पाकिस्तान, पलाऊ, पनामा. पुढे पापुआ न्यू गिनी.

"पॅलेस्टिनी," त्या म्हणाल्या.

"यादीत नाही ना, आंटी."

"मग तुझी यादी चुकली," त्या म्हणाल्या, आणि मला बसायला सांगून चहा टाकला.

त्या दुपारी आंटींनी मला त्या एका शब्दाचा सगळा प्रवास सांगितला. वडिलांच्या वेळी तो नुसता कागदावरचा शब्द होता. इंग्रजांचं राज्य, पोस्टाच्या तिकिटावर तीन लिप्यांत देशाचं नाव, आणि तिथे राहणारा, मुसलमान असो, ख्रिश्चन असो की ज्यू, कागदोपत्री पॅलेस्टिनी. वडिलांच्या शेजारच्या खिडकीत पोलंडहून आलेला एक ज्यू कारकून बसायचा. त्याने अर्ज करून, वाट बघून, शपथ घेऊन ते नागरिकत्व मिळवलं होतं. वडील त्याला चिडवायचे, "तुला जे दोन वर्षं घाम गाळून मिळालं ते मला पाळण्यात मिळालं." मग अठ्ठेचाळीस साली लढाई झाली. आंटी तेव्हा पाचेक वर्षांच्या. घर सुटलं, गाव सुटलं, कारकुनाला इस्रायल हा नवा देश आणि नवा शब्द मिळाला. वडिलांना पुढे जॉर्डनचा पासपोर्ट मिळाला आणि कागदोपत्री ते जॉर्डेनियन झाले. निर्वासितांच्या रांगेत त्यांना नुसतं 'अरब' म्हणायचे. नंतर आंटी लग्न होऊन कुवेतला शिकवायला गेल्या, तिथे 'ती पॅलेस्टिनी बाई' म्हणजे कडक मास्तरीण. पुढे इराकच्या लढाईत तिथलं वारं फिरलं आणि 'ती पॅलेस्टिनी बाई' म्हणजे हिच्यावर लक्ष ठेवा. अमेरिकेत आल्यावर नवऱ्याने बजावलं की जॉर्डन सांगायचं, फारच कुणी खोदून विचारलं तर 'होली लँड' सांगायचं, चर्चला जाणारे लोक खूश होतात. कारण तेव्हा तो शब्द म्हटला की लोकांना विमान पळवणारे आठवायचे. आणि सरकारी फॉर्मवर गोरे, काळे असे रकाने आले की त्यांनी निमूटपणे 'गोरे'वर खूण करायची.

"आता माझी नात तो शब्द टी-शर्टवर घालून मोर्चाला जाते," आंटी म्हणाल्या. "चांगलं करते. पण आता तो शब्द ऐकला की लोक एक तर घाबरतात, नाही तर रडवेलं तोंड करतात. तिला तो भांडायला हवाय. मला भांडायचं नाही. माझे वडील पोस्टात होते, रोज सकाळी दाढी करून कामाला जायचे, तेव्हा ते जे होते तेवढंच मला हवंय. मरताना त्यांच्या एकाही कागदावर तो शब्द नव्हता. एकदा त्यांच्या फोटोखाली, चार लोकांना दिसेल असा, भिंतीवर. बस."

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे तर आपल्याच घरातलं वाटते." मी म्हटलं, काहीतरीच. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत मनात मोजत होतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात होती. मग वरच्या लोकांनी दिलेला एक गोडगोड शब्द आला, देवाची लेकरं असल्या अर्थाचा. तो ऐकला की आजोबा थुंकायचे. मग त्यांनी दीक्षा घेतली आणि स्वतः निवडलेला शब्द घरी आणला. वडिलांच्या तरुणपणी मुठी आवळून म्हणायचा आणखी एक शब्द होता, आणि सर्टिफिकेटवर सरकारने त्याच्या मागेपुढे काय काय जोडलं ते वेगळंच. आणि मी? मी 'महाराष्ट्रीयन'. माझी मुलगी 'साउथ एशियन'. अजून दोन पिढ्या थांबलात तर आम्ही नुसते 'पृथ्वीवरचे' उरणार.

एवढं सगळं कळूनही मी पुढे जो गाढवपणा केला त्याला तोड नाही.

झालं असं की कोपऱ्यावरच्या घरात एक ज्यू आजोबा राहतात, एकटेच. डिसेंबरात खिडकीत दिवे लावतात, एरवी फारसे कुणात नसतात. त्यांची अध्यक्षांना मेल आली: 'भिंतीवरच्या एका कार्डावर पॅलेस्टिनी हा शब्द असणार आहे असं ऐकलं. खरं आहे का, ते कृपया कळवावं.' बस, दोन ओळी. अध्यक्षांनी ती मला पाठवली आणि पाठोपाठ फोन केला. त्यांचे कान किती लाल झाले असतील ते मला फोनवरूनही दिसत होतं. "मला कुणालाच दुखवायचं नाही. यावर काहीतरी सौम्य निघेल का?"

सौम्य! अहो, सौम्य काढण्यात माझी हयात गेली. मी दहा मिनिटांत काढलं. 'भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून.' खरं आहे की नाही? शंभर टक्के खरं. कुणाला काही कळतं का? अजिबात नाही. वाचलं की हॉटेलातला मेनू आठवतो आणि भूक लागते. मी इतका खूश झालो की कोपऱ्यावरच्या आजोबांना उत्तरही मीच लिहिलं: 'काळजी नसावी. तो शब्द असणार नाही.' अध्यक्षांनी मला अंगठा पाठवला. तो अंगठा मी दोनदा बघितला.

मग मी आंटींकडे गेलो. परवानगी मागायला नव्हे हो, उपकार करायला! मी त्यांना समजावलं की हे कसं असतं, आंटी, मलाही आयुष्यभर विचारतात. मी माझं आडनाव सांगितलं, सिव्हिल लाइन्स सांगितलं, पार्किंगमध्ये जाऊन करायचा नमस्कार सांगितला, आजोबांची दीक्षाही सांगितली. हे सगळं मी बायकोखेरीज कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो, आणि सांगत होतो ते कशासाठी, तर एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईला लपायचं ट्रेनिंग द्यायला. जणू मी तिला माझी खास पाककृती देत होतो.

आंटींनी सगळं ऐकून घेतलं. "तुझ्या आजोबांनी तो शब्द स्वतः निवडला म्हणालास?"

"हो."

"सोपं होतं का त्यांना?"

"नाही. गावाने पाणी बंद केलं होतं."

"हं," त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्या रुमालाची घडी करत बसल्या. "माझ्या नवऱ्याने पण मला अशीच उत्तरं शिकवली होती. चांगला माणूस होता. तू विचार कर. रविवारी मी येते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला मी 'सॉरी' म्हणून परत घरी जाऊ शकतो. त्यांनी ते माझ्यावरच सोपवलं. मी दोन दिवस विचार केला, म्हणजे दोन दिवस विचार करायचं टाळलं, आणि शनिवारी संध्याकाळी भिंतीवर त्यांच्या वडिलांच्या खाली भूमध्य समुद्राचा किनारा चिकटवून आलो. लाज वाटत होती. पण अध्यक्षांना पुन्हा फोन करायची भीती त्याहून मोठी होती, खरं सांगायचं तर.

रविवारी दुपारी क्लबहाऊस भरलं. बायकोने कोथिंबीर भरून तळलेल्या पुडाच्या वड्या आणल्या होत्या, त्या पहिल्या दहा मिनिटांत संपल्या. आंटी हिरवा रेशमी स्कार्फ बांधून, वॉकर पुढे ढकलत आल्या. नात कॉलेजात होती; त्या एकट्याच. थेट वडिलांपाशी गेल्या, चष्मा लावला आणि वाचलं.

"हा कुठला देश?"

"देश नाही, आंटी. किनारा आहे."

"किनाऱ्यावर मासे राहतात," त्या म्हणाल्या. "माझे वडील पोस्टात होते."

त्यांनी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यांचा हात थरथरतो, चार अक्षरं सलग उमटत नाहीत. "तू लिही," त्या म्हणाल्या. मी पेन घेतलं आणि इकडेतिकडे बघितलं, आणि बघतो तर कोपऱ्यावरचे आजोबा काठी टेकत आमच्याच दिशेने येत होते. माझं धाबं दणाणलं. मी पटकन कार्डासमोर उभा राहिलो, कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा.

"तो शब्द नाही तर," आजोबा माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाले.

"नाही नाही, सर. मी तुम्हाला कळवलं होतं ना."

"हो. म्हणून मी फोटो आणला नाही."

"कुठला फोटो?"

"माझ्या आईचा. व्हिएन्नाहून निघून ती हायफाला पोचली. तिचा पहिला पासपोर्ट माझ्याकडे आहे, त्यावर हाच शब्द आहे. पॅलेस्टिनी. आठ वर्षं ती तेच होती. मला तिच्याखाली ते लावायचं होतं. पण आता तो शब्द माझा राहिलेला नाही. या बाईंच्या कार्डावर तो असेल तर आधी त्यांना विचारावं, असं मला वाटलं. म्हणून मेल केली. तुम्ही कळवलं की तो असणारच नाही. मग मी तो कसा लावणार?"

मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. दोन ओळींच्या मेलमध्ये त्या माणसाने साधा प्रश्न विचारला होता. आणि मला प्रश्न म्हटला की तो आपल्याला पकडायलाच विचारलेला असतो, एवढंच माहीत. एका फटक्यात मी दोन घरांतून एकच शब्द पुसून टाकला होता, वर अंगठा मिळाला म्हणून खूश झालो होतो.

आंटींनी सगळं ऐकलं होतं. त्या आजोबांकडे वळल्या. "तुमच्या आईला तो शब्द सोडल्यावर दुसरा मिळाला," त्या म्हणाल्या. "आणि घर मिळालं. माझ्या वडिलांचं घर गेलं, आणि शब्दही."

"मला माहीत आहे," आजोबा म्हणाले.

"मला अजून राग आहे."

"असणारच."

मग आंटी म्हणाल्या, "आणा तुमच्या आईला. पण माझ्या वडिलांपासून एक हात लांब लावा." आजोबांनी मान हलवली, आणि काठी टेकत दाराकडे गेले.

मी किनारा फाडून टाकला. कोऱ्या कार्डावर हाताने लिहिलं. माझं अक्षर आधीच दिव्य, त्यात उभ्या भिंतीवर धरून लिहिलं, शेवटची अक्षरं खाली घसरली. पण शब्द वाचता येत होता. तेवढ्यात अध्यक्ष आले. कान लाल. "मला वाटलं आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," मी म्हटलं. "चूक माझी होती. त्या आजोबांची तक्रार नव्हतीच. आणि असती तरी यांचा शब्द हाच आहे." इतकं सरळ उत्तर माझ्या तोंडून निघालेलं ऐकून मीच दचकलो. अध्यक्षांनी फोटोतल्या टोपीवाल्या माणसाकडे बघितलं, मग आंटींकडे बघितलं. फ्रेम थोडी तिरकी होती, ती त्यांनी दोन बोटांनी सरळ केली आणि ते सरबताच्या टेबलाकडे निघून गेले.

आंटींनी थरथरणारं बोट त्या शब्दावरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. ते बोट त्यांनी पुसलं नाही. डोळेही पुसले नाहीत.

मग त्यांनी पेन माझ्याकडून घेतलं, टोपण लावलं आणि भिंतीवरून नजर फिरवत माझ्या वडिलांपाशी थांबल्या. "आणि तुझं?"

क्लबहाऊसमध्ये त्या क्षणी निदान बारा मराठी माणसं होती. वड्या खात होती. "पुढच्या वर्षी, आंटी," मी हसत म्हटलं. "पुढच्या वर्षी नक्की बदलतो."

"माझे वडील पण असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी घरी जाऊ. दर वर्षी म्हणायचे. तिकडे जॉर्डनमध्ये, अम्मानला पुरलं त्यांना."

मी पेन परत मागितलं.